दहाच्या जागी साडेसहा

रविवारी सकाळी दात घासायला गेले तर माझ्या ब्रशचा दांडा गायब. नुसतं डोकं आणि त्यामागे बोटभर तुकडा, कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. ब्रश तसाच हातात धरून मी बाहेर आले. नवरा टेबलाशी बसला होता आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर कापलेला दांडा ठेवून आकडा वाचत होता.

"नऊ ग्रॅम," तो म्हणाला. "तुझ्या सॅकमधून नऊ ग्रॅम गेले."

"आणि निघायला अजून सहा आठवडे आहेत. तोवर काय बोटाने दात घासू?"

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो गोरामोरा झाला. मग म्हणाला, "माझापण कापलाय." एवढ्याने माझं समाधान होईल असं त्याला खरंच वाटत होतं.

माझा नवरा वजनकाटे दुरुस्त करतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, दोन खाटा मावतील एवढं. भिंतीवर बंद पडलेले काटे, टेबलावर उघडे पडलेले काटे आणि कपाटात, कुलपात, एक लाकडी पेटी. तिच्यात मखमलीच्या खाचांत त्याची प्रमाणित वजनं असतात, एक ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. दुसऱ्याचा काटा खरा की खोटा ते ह्या वजनांवरून ठरतं. ती तो उघड्या हाताने उचलत नाही, चामड्याचा मऊ तुकडा घेऊन उचलतो, कारण बोटाचा घाम लागला तर वजन वाढतं म्हणे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी त्यातलं एक सहज उचलून बघितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा मला माहेरी पोचवून येतो.

बाजारात त्याला काटेसाहेब म्हणतात. त्यात थोडा मान आहे आणि बरीचशी चेष्टा. एकदा एक भंगारवाला आला. "काटा जरा नरम करून द्या, किलोमागे पन्नास ग्रॅम. कोणाला कळतंय!" ह्याने त्याचा काटा उचलून फुटपाथवर ठेवला, अर्धं शटर ओढलं आणि आत डबा उघडून जेवायला बसला. भंगारवाला तासभर बाहेर उभा राहून माफी मागत होता.

आणखी एक खोड आहे. जे तोलेल ते तो वहीत लिहितो आणि प्रत्येक आकड्यापुढे सही करतो. आकडा चुकला तर गिरवायचं नाही, खोडरबर नाही. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, बाजूला खरा आकडा, आणि त्यापुढे दोघांची सही, तोलणाऱ्याची आणि ज्याचा माल त्याची. घरातल्या रद्दीलासुद्धा हाच नियम. आजवर किती रद्दीवर मी सह्या ठोकल्या असतील त्याला गणती नाही.

मी स्वतः पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. सव्वीस वर्षं झाली. लोक पार्सल सरकवतात तेव्हाच माझ्या हाताला कळतं किती भरेल, काट्यावर ठेवायचं ते नियम म्हणून. एक सवय मात्र मोडत नाही. काही ठेवण्याआधी रिकामा काटा शून्य दाखवतोय ना, तेवढं बघायचं. शून्य असलं की पुढचं सगळं खरं, असं मी धरून चालते.

आमच्या घरात परदेशातल्या एका पायवाटेचं खूळ आणलं ते मीच. सहा वर्षांपूर्वी एक माणूस खिडकीशी आला. पार्सलवर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव एकच. मी म्हटलं, चुकलंय. तो हसला. म्हणाला, समुद्राकाठच्या डोंगरांवरून जाणारी तीनशे चाळीस किलोमीटरची वाट आहे, एकवीस दिवस लागतात, मध्ये दुकानं नाहीत, म्हणून पंधराव्या दिवसापासूनचं खाणं मी वाटेतल्या पोस्टात स्वतःलाच पाठवतोय. मी त्याचं पार्सल नोंदवलं, पावती दिली आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू जगभर पाठवल्या, स्वतःला कुठे पाठवलं नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न होता, "सामान किती किलो?"

मागच्या वर्षी तिकिटं काढली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मोठं ऑपरेशन झालं, पाच महिने औषधं झाली, तिकिटं पुढे ढकलली. डॉक्टर म्हणाले, आता चाला, झेपेल तेवढं उचला, काही हरकत नाही. पण झेपतंय किती ते मला कोणी बघूच देईना. बादली उचलली की नवरा धावत येणार. पिशवी घेतली की शेजारीण हातातून काढून घेणार. ऑफिसात शेजारच्या खिडकीवरची मैत्रीण माझ्या आधी उठून पार्सल उचलणार. सगळ्यांची माया मला कळत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी आजारी होते तेव्हा मला इतकं आजारी वाटलं नव्हतं.

म्हणून मी नवऱ्याला अट घातली. एकूण सामान सोळा किलो. त्यातलं निम्मं, आठ किलो, माझ्या पाठीवर. झेपलं तर येईन, नाहीतर तू एकटा जा.

"एकटा कशाला जाऊ?"

"ते मला विचारू नकोस. मी कोणाचं ओझं होऊन चालणार नाही."

मग जी तयारी सुरू झाली ती विचारू नका. सॅक घ्यायला आम्ही त्याच दुकानात चार वेळा गेलो. कमरेचा पट्टा माझ्या टाक्यांच्या जागेवर बसता कामा नये, वर किंवा खाली बसला पाहिजे. विक्रेत्याने सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या आणि मी दुकानभर फेऱ्या मारल्या, कपड्यांच्या रांगांतून, आरशासमोरून, लोक बघताहेत तर बघू देत. पाचवी सॅक पटली. बुटांसाठी नवऱ्याने संध्याकाळी माझी पावलं कागदावर ठेवून पेन्सिलीने आखली, सकाळी नाही, कारण दिवसभर चालून पाय फुगतात आणि बूट फुगलेल्या पायाला बसायला हवेत. मी पायाला गुदगुल्या होतात म्हणून हलले तर दोनदा नव्याने आखली. स्लीपिंग बॅग पिसांची घ्यायची की साधी, ह्यावर चार दिवस वाद झाला. पिसांची हलकी, पण भिजली तर निकामी. शेवटी साधी घेतली आणि त्या जास्तीच्या दोनशे ग्रॅमबद्दल तो आठवडाभर हळहळत होता.

तंबू घरात उभा करून बघितला. कोच आणि कपाटाच्या मध्ये कसाबसा मावला. आम्ही दोघं आत आडवे झालो तेवढ्यात दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, घरात जागा असताना तुम्ही दोघं पिशवीत का झोपलायत?"

"बाबांना विचार," मी म्हटलं. बाबा तेव्हा तंबूच्या दांड्या मोजत होते.

घरात दिवसभर चेन उघडायचा आणि लावायचा आवाज. जेवता जेवता तो उठायचा आणि मोज्यांची जोडी तोलून यायचा. मीही काही कमी नव्हते. पार्सलच्या फॉर्मांच्या पाठीवर याद्या करायचे, फाडायचे, पुन्हा करायचे. बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कशाला उठलो ते आठवत नसे. सहा वर्षं वाट बघितली, मध्ये सगळंच हातचं जातंय की काय अशी वेळ आली, आणि आता सहा आठवडे निघता निघेनात.

त्याच ब्रशच्या रविवारी सहा किलोची पाळी होती. सराव असा की दर रविवारी सॅक पाठीवर घेऊन पाण्याच्या टाकीची टेकडी चढायची. तीन किलो झाले होते, चार झाले, पाच झाले, पाचला तीनदा थांबले पण चढले. घरी तोलायला त्याने दुकानातला एक इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला होता. सहाला निघाले आणि अर्ध्या वाटेवर जी दगडी भिंत आहे तिथे माझे पाय लटलट कापायला लागले. मी भिंतीवर बसले. पंधरा मिनिटं बसले. उठता येईना. शेवटी त्याने माझी सॅक स्वतःच्या पोटावर अडकवली, पाठीवर त्याची, आणि आम्ही बसने घरी आलो. बसमध्ये एका पोरीने उठून मला जागा दिली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझं तिकीट रद्द कर," दार उघडता उघडता मी म्हटलं.

त्याने सॅक कोपऱ्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी काटा उचलून दुकानात घेऊन गेला. म्हणाला, "धूळ बसलीय, साफ करून आणतो."

पुढच्या रविवारी म्हणाला, "पुन्हा सहाच कर. मग रद्द करू." सॅक त्यानेच भरली होती. त्याचं म्हणणं, वजन पाठीच्या कण्याजवळ बसलं पाहिजे, तुला जमणार नाही. खालच्या भागात पाणी जाऊ नये म्हणून एक बंद पिशवी होती, अर्धा तंबू आणि शेगडी तिच्यात आहे, घडी मोडेल, उघडू नकोस. मी शून्य बघितलं, सॅक ठेवली. सहा किलो बरोबर. पाठीवर घेतली आणि टेकडी चढले. भिंतीपाशी थांबलेच नाही. वर टाकीजवळ पोचल्यावर मी मोठमोठ्याने हसत होते आणि लेकीला फोन लावत होते. "अगं, सहा! एकदाही न थांबता!"

पुढे सात. मग आठ. हाताला सॅक हलकी लागायची. मी म्हटलं, अंगात ताकद आली. मी जिना धावत चढायला लागले, मैत्रिणीच्या हातातून पार्सलं ओढून घ्यायला लागले. आरशात तोंड बघून वाटलं, ही बाई ओळखीची आहे. वर टाकीपर्यंत पोचलो की नवराच मागून धापा टाकत यायचा. "काय काटेसाहेब, आठच तर आहेत!" मी चिडवायचे. तो घाम पुसायचा आणि म्हणायचा, "वय झालं." त्याची सॅक दुकानात भरली जायची आणि तिकडेच तोलली जायची. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

निघायला दहा दिवस राहिले असताना, गुरुवारी, मी सॅक पाठीवर घेऊन चालतच ऑफिसला गेले. दुपारी गर्दी ओसरली. समोर मोठा पार्सलचा काटा रिकामा. हात शिवशिवले. शून्य बघितलं आणि सॅक ठेवली.

पाच किलो दोनशे.

काढली. शून्य. पुन्हा ठेवली. पाच दोनशे.

सकाळपासून चाळीसेक पार्सलं ह्याच काट्यावर नोंदवली होती. प्रत्येकाचं वजन कमी लागलं असणार. मी तशीच उठून पोस्टमास्तरांकडे गेले.

"साहेब, पार्सलचा काटा कमी दाखवतोय. दोन किलो आठशेचा फरक."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "कशावरून?"

"घरी आठ किलो भरलेली वस्तू इथे पाच दोनशे भरते. आणि आमच्या घरचा काटा कोणाचा, ते तुम्हाला माहीत आहे."

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. माझ्या नवऱ्याच्या घरचा काटा चुकेल असं त्या इमारतीत कोणालाही वाटणं शक्य नव्हतं. मला तर नव्हतंच. खिडकीवर 'काटा बंद आहे' असा बोर्ड लागला, रांगेतले लोक कुरकुरायला लागले, मी तक्रारीचा फॉर्म भरून खाली सही केली. आमच्या ऑफिसचे काटे बघायचं काम कोणाकडे आहे हे सांगायला नकोच.

अर्ध्या तासात तो पेटी घेऊन आला. कामाच्या ठिकाणी तो मला मॅडम म्हणतो आणि मी त्याला मिस्त्री. खरं सांगते, तो येताना दिसला तेव्हा मला बरं वाटलं. आता हा दोन मिनिटांत लावून देईल.

"काय तक्रार?" असं म्हणत त्याने फॉर्म हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मग काउंटरवरच्या सॅककडे बघितलं.

"मॅडम, ही वस्तू..."

"माझी सॅक, मिस्त्री. घरी आठ, इथे पाच दोनशे."

त्याने पेटी उघडली. काटा पुसला, खालचे पाय फिरवून पातळीत आणला. चामड्याच्या तुकड्याने एकाचं वजन उचलून ठेवलं. एक. दोनाचं ठेवलं. दोन. पाच. मग दोन्ही पाचाची मिळून दहा. मग तेच चारही कोपऱ्यांत ठेवून बघितलं. आकडे ग्रॅमला ग्रॅम जुळत होते आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. वीस मिनिटं झाली. रांगेतला एक जण ओरडला, "अहो, काटा तपासताय की त्याचं लग्न लावताय?" एरवी मी त्याला उत्तर दिलं असतं. मी नवऱ्याचे हात बघत होते. इतक्या वर्षांत एकच काटा त्यांनी दोनदा तपासलेला मी बघितला नव्हता.

तेव्हा मला काही कळत नव्हतं, पण आता वाटतं, 'बिघडलाय' एवढा एक शब्द त्याने म्हटला असता तर सगळं निभावलं असतं. काटा दुकानात नेला असता, दुसऱ्या दिवशी परत आणला असता. मी आयुष्यभर तेच खरं धरून चालले असते.

त्याने चामड्याची घडी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काटा बरोबर आहे, मॅडम."

"नीट बघा."

"बघितलं. काटा बरोबर आहे. चूक इथली नाही."

साहेब आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "मग घरचा..." ते म्हणायला लागले. मी बोर्ड काढून खाली ठेवला आणि रांगेला म्हटलं, "पुढचं पार्सल द्या." त्याने फॉर्मवर 'काटा अचूक' असं लिहिलं, सही केली, आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. तक्रार करणाऱ्याचीही सही लागते. मी केली. त्या दिवशी पुढे काय काय नोंदवलं ते मला आठवत नाही.

संध्याकाळी घरी आले तर तो माझ्याआधी येऊन कोचाच्या कडेला बसला होता. बूटसुद्धा काढले नव्हते. मी सॅक जमिनीवर उलटी केली आणि ती बंद पिशवी उघडली. आत तंबू नव्हता, शेगडी नव्हती. आमच्या जुन्या गादीचा स्पंज होता, व्यवस्थित कापून, घडी घालून ठेवलेला.

"कधी?"

"तू भिंतीवर बसलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कसं?"

हा प्रश्न ऐकून त्याला जरा सुटल्यासारखं झालं असावं, कारण ह्याचं उत्तर त्याला देता येत होतं. काटा नव्याने लावताना मशीन म्हणतं, आता दहा किलो ठेवा. त्याने दहाच्या जागी साडेसहा ठेवले. एक पाचाचं, एक एकाचं, एक पाचशे ग्रॅमचं. "मशीन बिचारं सांगू ते ऐकतं. हे दहा म्हटलं की दहा. शून्य मात्र शून्यच राहतं."

"म्हणजे मी शून्य बघते, हे तुला माहीत होतं."

तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.

"भंगारवाल्याला तू फुटपाथवर उभं केलंस!" माझा आवाज चढला. "आणि बायकोसाठी काटा नरम केलास? अरे, मला वाटलं मी बरी झाले! मी लेकीला फोन केले. मी आरशात बघून हसले रे. माझा हात मला सांगत होता, हलकी आहे, हलकी आहे, आणि मी हाताचं ऐकलं नाही, तुझ्या काट्याचं ऐकलं."

"तू येणार नव्हतीस," तो म्हणाला. "तिकीट रद्द कर म्हणालीस. पाच महिने मी दवाखान्याच्या बाकावर बसून त्या वाटेचा नकाशा बघत होतो. एकवीस दिवसांतला प्रत्येक दिवस मला पाठ आहे. प्रत्येक दिवसात तू आहेस. तू किती किलो घेऊन येतेस त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. तू यायला हवी होतीस."

"मला होतं देणंघेणं! मला तेवढं एकच हवं होतं."

मग मी त्याची वही ओढून घेतली. आणखी काय काय खोटं आहे ते बघायचं होतं. तंबू, शेगडी, मोजे, ब्रशचा कापलेला दांडा नऊ ग्रॅम, प्रत्येकापुढे त्याची ती वळणदार सही. माझ्या सॅकचं पान काढलं. तीन किलो, सही. चार, सही. पाच, सही. भिंतीवर बसले तेव्हाचे सहा, सही. पुढे पुन्हा सहा, सात, आठ, पुन्हा आठ. ह्या चारही आकड्यांपुढची जागा कोरी होती. लिहायला त्याने लिहिले होते, पण सही करायला हात उचलला नव्हता. माझा राग गेला नाही. पण ओरडायचं बळ गेलं.

"काटा लाव," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

त्याने पेटीतून वजनं काढली आणि ह्या वेळी दहाच्या जागी दहा ठेवले. मग मी त्याला त्याची सॅक दुकानातून आणायला लावली. दहा किलो आठशे. ह्याला मी दोन रविवार चिडवत होते.

त्या रविवारी मी त्याच्या सॅकमधून माझा वाटा काढून घेतला. तंबूचं कापड दीड किलो, शेगडी आणि गॅस सातशे ग्रॅम, दांड्या सहाशे. खरे आठ किलो. त्याने तोंड उघडलं तसं मी बोट दाखवलं, आणि तो मुकाट्याने मागून चालायला लागला.

भिंतीपर्यंतसुद्धा पोचले नाही. भिंतीच्या अलीकडे दिव्याचा एक खांब आहे, त्याला धरून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, उगाच कशाला लपवायचं. तो दोन पावलांवर उभा होता. हात पुढे करावा की नाही हे त्याला कळत नव्हतं. त्याने केला नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

मी सॅक खाली ठेवली, चेन उघडली आणि तंबूचं कापड बाहेर काढून त्याच्या हातात दिलं. सॅक पाठीवर घेतली, दहा पावलं चालून बघितलं. परत आले. शेगडी आणि गॅस काढून दिला. पुन्हा चालून बघितलं. तो दांड्यांसाठी हात पुढे करून उभा होता.

"त्या राहू देत," मी म्हटलं. "त्या माझ्या."

भिंतीपाशी थांबले, दोन घोट पाणी प्यायले, निघाले. शेवटच्या चढावर आणखी एकदा थांबले. टाकीजवळ पोचले तेव्हा छाती धडधडत होती, हसू वगैरे काही येत नव्हतं, पण पाय जमिनीवर होते. मी सॅक उतरवून एका हाताने उचलून धरली, खिडकीवर पार्सल धरते तशी.

"पाच आठशे," मी म्हटलं. "जरा कमीच."

घरी आल्यावर त्याने काटा मधोमध ठेवला. मी शून्य बघितलं, मग त्याच्या पेटीतलं एक किलोचं वजन चामड्याने उचलून ठेवलं आणि तेही बघितलं. मग सॅक. पाच किलो सातशे नव्वद.

त्याने वही उघडली. सहा, सात, आठ, आठ, चारही आकड्यांवर पट्टी धरून रेघ मारली आणि बाजूला खरे आकडे लिहिले. तीन नऊशे. चार पाचशे पन्नास. पाच दोनशे. पाच दोनशे. प्रत्येकापुढे त्याने सही केली, मी केली. शेवटी आजची तारीख घालून पाच सातशे नव्वद लिहिलं, सही केली, आणि पेन माझ्यापुढे धरताना थांबला.

"तिकीट?" एवढंच विचारलं.

मी पेन घेतलं आणि सही केली.

"एवढं घेऊन येतेय," मी म्हटलं. "बाकीचं तुझ्याकडे."